पाहुण्यांचा थेंब

९ नोव्हेंबर

प्रिय टाचणी,

आठवतं का गं, प्रॅक्टिकलच्या तासाला आपल्या दोघींत मिळून एकच मायक्रोस्कोप होता आणि तू एकदा त्याला डोळा लावलास की उठायचं नाव घ्यायची नाहीस? एक दिवस मी तुझ्या मागे उभी राहून इतकी कुरकुर केली की सर फळ्याकडून वळले आणि मला म्हणाले, "अहो चिमटा, त्या टाचणीला जरा उचला तिथून." सगळा वर्ग हसला आणि आपली ती नावं पडली ती पडलीच. तसं त्या दिवशी विशेष काही घडलं नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं, तुझ्या वेणीची रिबीन सुटली होती आणि भिंगाखाली सरांचा हायड्रा होता, तळ्यातला तो इवलासा जीव. पण गेले काही दिवस मला दुसरं काही आठवतच नाही.

सर गेले गं. मागच्या सोमवारी, सकाळी. खुर्चीत बसले होते, हातात पेपर होता. काकूंना वाटलं डुलकी लागली. "चहा निवतोय म्हणून मी दोनदा रागावले यांच्यावर," असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. तुला फोन करणार होते, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि निम्मं तू मनाने जुळवतेस. ही बातमी तशी मिळू नये असं वाटलं.

मी रोज सकाळी त्यांच्याकडे जाते, संध्याकाळी घरी येते. दोन गल्ल्यांचं तर अंतर. माणसांची रीघ लागली आहे. चाळीस वर्षांतले विद्यार्थी! टक्कल पडलेले, कमरेला पट्टा बांधलेले, कोणी सुनेचा हात धरून. मी त्यांना नावाने ओळखत नाही, सरांनी दिलेल्या नावाने ओळखते. उंचाडा आला होता, वाकून चालतो आता. दातांचा डॉक्टर झालेला तो तोतरा आला होता.

खिडकीतल्या तिन्ही बरण्या तशाच आहेत. तू त्या पाहिल्यालाही किती वर्षं झाली. अजून तेच हायड्रा, एका टोकाला उसवलेल्या दोऱ्याचा अर्धा इंच तुकडा असावा तसे काचेला लटकून. सरांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी वीटभट्टीमागच्या तळ्यातून एक आणला, त्याच्या अंगाला कळी आली, कळी सुटून वेगळी झाली, तिला कळी आली. तळं बुजवून तिथे गाड्या ठेवायची चार मजली इमारत झाली, पण खिडकीत ते आहेत. सर वर्गात म्हणायचे ना, "याला म्हातारपण नसतं. तुम्हाला आहे, तेव्हा अभ्यास करा."

आणि घरची रीत काकूंनी मोडू दिली नाही. पाहुण्याने आधी हायड्रांना जेवू घालायचं, मग स्वतः चहा घ्यायचा! काकू स्वतः खिडकीशी उभ्या राहून येणाऱ्याच्या हातात ड्रॉपर देतात. शेजारच्या टाकीतल्या पाणपिसवांचा, त्या ठिपक्याएवढ्या किड्यांचा, एक थेंब ज्याने त्याने बरणीत सोडायचा. मोठमोठी माणसं तो थेंब सोडताना रडतात गं. मला वाटतं, सरांना यापेक्षा चांगला निरोप मिळाला नसता.

महिना-दीड महिन्याने काकू मुलाकडे राहायला जाणार. घर विकणार आहेत. बाकी सामानाचं काहीही करा म्हणतात, "पण एक बरणी मी मांडीवर घेऊन जाईन. मला तिकडे बोलायला कोणीतरी हवं."

तुझी,
चिमटा


१८ नोव्हेंबर

प्रिय चिमटा,

तुझं पत्र दारातच उभी राहून वाचलं. मग आत येऊन बसले, तेव्हा कळलं की दार उघडंच राहिलं आहे.

मला यायला हवं होतं. पण आमच्या यांना एकटं सोडता येत नाही. ते आता मला ओळखत नाहीत, कामाला आलेली बाई समजतात. काल मला म्हणाले, "बाई, तुम्ही चांगल्या आहात, आमच्या बायकोला सांगून तुमचा पगार वाढवतो." मी म्हटलं, जरूर सांगा, फार चिक्कू आहे ती. असं चाललंय.

सरांचं काय आठवू आणि काय नको. ती बेडकाची आकृती आठवते? मी पुस्तकात बघून सुबक काढली होती, दोन्ही फुप्फुसं शेड करून. सर म्हणाले, "हा कुठला बेडूक?" मी म्हटलं, हाच, माझ्या ट्रेमधला. म्हणाले, "याचं डावं फुप्फुस तुम्ही मघाशीच कापून टाकलंत. मग हे कोणाचं आहे?" आणि मग ते नेहमीचं, "पुस्तक मिटा. दिसतं ते काढा." पुढे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं रक्ताच्या काचा बघताना ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलेलं असायचं. काचेत वाईट दिसलं की रिपोर्टमध्ये वाईट लिहायचं, मग तो पेशंट आपल्या ओळखीचा का असेना.

मी ते गाव सोडून इकडे आले तेव्हा सरांनी शाईच्या दौतीत घालून दिलेले हायड्रा माझ्याकडे मजेत आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन बरण्या आहेत. यांना दुसरं काही आठवत नसलं तरी पिसवा घालायची वेळ झाली की खिडकीकडे बोट दाखवतात.

पाहुण्यांच्या थेंबाचं वाचून फार बरं वाटलं. मी तिथे असते तर दोन घातले असते, एक माझा आणि एक यांचा. काकूंना सांग, बरणी नीट जाईल. कापडात गुंडाळून, उन्हात न ठेवता.

टाचणी


२७ नोव्हेंबर

प्रिय टाचणी,

तुझ्या पत्रातली दोन थेंबांची ओळ वाचली आणि मी पत्र पालथं ठेवलं.

तसंच झालं गं. सगळ्यांनी तसंच केलं. सर दिवसाला एकच थेंब घालायचे आणि संध्याकाळी पाणी बदलायचे. पाहुणा आला की त्या दिवशीचा थेंब पाहुण्याचा. हे मला माहीत होतं, तुला माहीत होतं, काकूंनाही माहीत होतं. पण त्या आठवड्यात कोण मोजतंय? दर तासाला दहा माणसं. प्रत्येकाचा एक थेंब, कोणाचा बायकोच्या वतीने आणखी एक. पाणी बदलायचं कोणाच्याही ध्यानात आलं नाही. मी तर चहाचे कप विसळत होते. न खाल्लेल्या पिसवा तळाशी मरून पडल्या, पाणी दुधासारखं झालं. वास आला तेव्हा मी धावले. हायड्रांनी ते दोऱ्यासारखे हात आत ओढून घेतले होते. नुसती बटणं झाली होती. मी पाणी बदललं, पुन्हा बदललं. दुसऱ्या दिवशी बटणांचे ठिपके झाले आणि त्यानंतर काहीच नाही. तिन्ही बरण्यांत काहीच नाही.

मी नऊ तारखेला तुला लिहिलं तेव्हा हे चालूच होतं. मी चांगला निरोप चांगला निरोप म्हणत होते.

आता पुढचं ऐक, आणि रागावू नकोस. काकूंच्या नजरेचा मधला भाग गेला आहे. त्यांना समोरच्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. सर रोज सकाळी भिंग घेऊन हायड्रा मोजायचे आणि त्यांना सांगायचे. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "किती आहेत गं आज?" आणि मी म्हटलं, चौदा.

तेव्हापासून रोज सांगावं लागतं. कधी चौदा, कधी तेरा. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर एका खोट्याला पन्नास ओळी लिहायला लावायच्या, त्या हिशेबाने माझी वही कधीच भरली. परवा त्या फार गप्प होत्या, जेवत नव्हत्या, म्हणून मी सांगून बसले की एकाला कळी आली आहे. त्यांनी ते लगेच मुलाला फोन करून सांगितलं. ड्रॉपरमधून पिसवाही घालते मी रोज, त्यांच्या देखत. आणि काकू आत गेल्या की गाळून काढते.

सरांनी ज्यांना ज्यांना हायड्रा दिले होते त्या सगळ्यांना फोन केले. दातांच्या डॉक्टरांकडचे घर बदलताना गेले. एक मुख्याध्यापिका झाली आहे, तिने शाळेच्या लॅबमध्ये ठेवले होते, सुट्टीत कोणीतरी बरणी धुऊन लोणच्यासाठी नेली. उंचाडा उलट मलाच म्हणाला, "तुझ्याकडे नाहीत? मला वाटलं, तुझ्याकडे असतीलच." प्रत्येकाला तेच वाटत होतं, सरांकडे आहेत की. आणि मी? विहिरीशेजारी राहणारा घरात पाणी साठवतो का?

तेव्हा आता तूच आहेस. तुझे पाठव, टाचणी. काकू निघायच्या आत.

चिमटा


४ डिसेंबर

चिमटा,

पत्र वाचून तुझा राग आला. मग कीव आली. मग चहा केला आणि पुन्हा राग आला.

चौदा हा आकडा कुठून आणलास? सरांच्या घरात, सरांच्या खिडकीशी उभी राहून तू न दिसलेलं सांगतेस? आणि वर कळी! आकृतीत एक जास्तीचं फुप्फुस काढलं तर त्यांनी माझी अख्ख्या वर्गासमोर शोभा केली होती. तुला काय म्हणाले असते?

मी पाठवते. माझी शेजारीण महिनाअखेर तुमच्या बाजूला निघाली आहे, गाडीने, रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये देते. पण त्याआधी काकूंना सांग. बाई अंध होत चालली आहे, खुळी नाही. नवीन हायड्रा त्या बरणीत सोडून तू पुन्हा "चौदा" म्हणणार असशील तर ते माझ्याच्याने होणार नाही. मेले ते मेले म्हण. टाचणीकडे त्यांचीच भावंडं आहेत म्हण. त्यात खोटं काही नाही आणि वाईटही काही नाही.

हे लिहिताना आमचे हे मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, कोणाला एवढं खडसावताय?" मी म्हटलं, मैत्रिणीला. म्हणाले, "मग लिहा."

टाचणी


१० डिसेंबर

प्रिय टाचणी,

तू म्हणतेस ते मला सगळं कळतं. पण सांगू कशी, ते तूच सांग.

मेले म्हटलं की पहिला प्रश्न येणार, कशाने? म्हातारे झाले होते असं म्हणायची सोय सरांनीच ठेवलेली नाही. ज्या जिवाला म्हातारपण नसतं असं त्यांनी उभा जन्म सांगितलं, तो ते गेले त्याच आठवड्यात कसा मेला? मग उरतं काय? थेंब. आणि ड्रॉपर कोणाच्या हातात होता? काकूंच्या. "घाला, घाला, त्यांना फार आवडायचं," असं म्हणून म्हणून त्यांनी दिला प्रत्येकाला. नवऱ्यामागे उरलेली एक गोष्ट, ती या बाईने आपल्या हाताने संपवली, हे मी त्यांच्या तोंडावर सांगू? तू लॅबमधून रिपोर्ट लिहून खाली पाठवायचीस. पेशंटसमोर कधी बसली नाहीस, टाचणी.

रागाने लिहिलं, पण खोडत नाही.

मुलगा अठ्ठावीसला न्यायला येतोय. काकूंनी बरणीसाठी एक जुनी लोकर विणायला घेतली आहे, बाहेरून गुंडाळायला. दिसत नाही म्हणून टाके सुटतात, मी मागून उचलून देते. थर्मास त्याआधी येऊ दे. भावंडं आली की सांगेन. शपथ.

चिमटा


१७ डिसेंबर

चिमटा,

पेशंटचं लिहिलंस ते लागलं. बरोबर आहे म्हणून लागलं.

आता माझं ऐक. काल थर्मास उकळून गार केला, पाणी भरलं, ड्रॉपर घेतला. मनात आलं, एवढ्या लांब पाठवतोय, तर धडधाकट बघून निवडावेत. निवृत्तीच्या वेळी लॅबने जुना मायक्रोस्कोप दिला होता, तो माळ्यावरून काढला, पुसला आणि एक हायड्रा काचेवर घेतला.

सरांच्या हायड्राला देठ होता, आठवतंय? अंगाचा खालचा भाग एकदम बारीक, फुलाच्या देठासारखा. आणि हात लांबच लांब, अंगाच्या तिप्पट-चौपट. तीच त्यांची ओळख, सर परीक्षेत हटकून विचारायचे. माझ्या काचेवरच्याला देठ नाही. वरपासून खालपर्यंत सारखाच जाड, हात आखूड. मी दुसरा घेतला, तिसरा घेतला. दुसऱ्या बरणीतले घेतले. उठले, हात धुतले, चष्मा पुसला, पुन्हा बसले. देठ नाही.

हे सरांचे हायड्रा नाहीत, चिमटा. ही दुसरीच जात आहे.

कधीतरी मी माशांच्या दुकानातून पाणवनस्पती आणून बरण्यांत घातली होती, नात येणार होती म्हणून, तिला हिरवं बघायला छान वाटेल. तिला चिकटून हे आले असणार. सरांचे कधी संपले, मला माहीत नाही. दहा वर्षांपूर्वी असेल, पंधरा असेल. मी रोज पाणी बदललं, रोज पिसवा घातल्या आणि सरांना दरवर्षी कळवलं की मजेत आहेत. तुला चौदाचा जाब विचारणारी मी. तू एक महिना न दिसलेलं सांगितलंस. मी इतकी वर्षं डोळ्यांपुढे असलेलं पाहिलं नाही.

आमच्या यांना सांगितलं. त्यांना कळलं नाही, पण मी रडतेय एवढं कळलं. म्हणाले, "बाई, घरी काही झालं का?"

आता जे विचारतेय ते मीच विचारतेय यावर माझाच विश्वास बसत नाही. काकूंना देठ कुठे दिसणार आहे? हातही दिसणार नाहीत. बरणीत काहीतरी जिवंत आहे आणि कोणीही खोटं न बोलता त्याला चौदा म्हणता येईल. पाठवू का? तू म्हणशील तसं. थर्मास भरून ठेवला आहे.

टाचणी


३० डिसेंबर

प्रिय टाचणी,

थर्मास आला नाही ते बरं झालं. तू माझ्या उत्तरासाठी थांबलीस आणि मी उत्तर दिलं नाही. त्याचं कारण सांगते.

तुझं पत्र आलं तेव्हा काकू समोरच बसल्या होत्या. पाकीट फाडल्याचा आवाज ऐकून म्हणाल्या, "टाचणीचं का? वाच की मोठ्याने." मी वाचायला लागले. पहिल्या ओळीलाच अडखळले. म्हटलं, अक्षर फार बारीक आहे. काकू म्हणाल्या, "तिचं अक्षर मोठं होतं. हे म्हणायचे, एका वहीत तिचा एकच बेडूक मावतो."

आणि मग मला पुढे रेटता येईना. मी म्हटलं, "काकू, बरणीत काही नाही."

"आज नाही?"

"नाही. सर गेले त्याच आठवड्यापासून नाही."

त्या विणत होत्या, तो टाका त्यांनी पूर्ण केला. "मग ते चौदा?"

"नव्हते."

"आणि कळी?"

"तीही नव्हती."

मग म्हणाल्या, "चौदाचं समजले मी. कळी कशाला गं सांगायची?"

पुढचा प्रश्न येणार हे माहीत होतं, म्हणून मीच आधी म्हटलं, "माझं चुकलं, मी पाणी बदललं नाही." तेवढं तरी माझ्यावर घ्यावं असं वाटलं. काकूंनी मान हलवली. म्हणाल्या, "पाणी एवढं नासलंच कशाने? ड्रॉपर माझ्या हातात होता. यांना माणसं आलेली आवडायची, म्हणून मी प्रत्येकाला घाला, घाला म्हटलं." मग म्हणाल्या, "हे असते तर पहिल्याच दिवशी माझ्या हातातून काढून घेतला असता."

रडल्या नाहीत. मी रडले तर म्हणाल्या, "तू नको, तू महिनाभर रडलीच असशील." तुझ्या हायड्रांचंही मी सांगितलं, देठासकट. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तिला म्हणावं, तिचे ते सांभाळ. ते बिचारे बोलावल्याशिवाय आले, पण राहिले ना तिच्याकडे." पाठवायला मात्र नको म्हणाल्या. मग त्यांनी मुलाला फोन लावला आणि माझ्यासमोर सांगितलं की कळीचं खरं नव्हतं. आपल्याच नजरचुकीने झालं असं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. ते मला सगळ्यात जड गेलं.

लोकरीचं काम त्यांनी उसवलं. पूर्ण. गुंडाळी करून मला दिली.

अठ्ठावीसला गेल्या. गाडीत बसताना माझ्याकडे वळून पाहिलं, म्हणजे त्यांना माझे कान दिसले असतील. त्यांनी मला माफ केलं की नाही, ते कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, आणि हे दोन दिवस त्या फोनवर कमीच बोलतात, मुलगा म्हणतो. सकाळी उठून खिडकीशी जाऊन बसतात, तिकडच्या खिडकीत काही ठेवलेलं नाही.

जगात कुठेतरी, एखाद्या तळ्यात, तसे देठवाले हायड्रा असतीलच गं, मला ते कळतं. पण सरांचे नाहीत. ते आता कुठेच नाहीत, आणि आपण सगळ्यांनी मिळून त्यांच्यावर इतकं प्रेम केलं.

जायच्या आदल्या दिवशी काकूंनी बसून सामानाचं सांगितलं. मी उतरवून घेतलं, ते तुला कळवते, कारण काही वस्तू तुझ्याकडे येतील.

सरांचा मायक्रोस्कोप तुला. मी म्हटलं, तिच्याकडे आहे. काकू म्हणाल्या, "तिने शेवटी स्वतःहून पाहिलं, म्हणून तिला." तुझी शेजारीण परतीला निघाली की तिच्या गाडीत देते. आरसा थोडा सैल आहे, जपून काढ.

काचेच्या स्लाइडांचे खोके कॉलेजने नको म्हटलं, त्यांच्याकडे आता सगळं पडद्यावर दाखवतात. ते दातांच्या डॉक्टरांना.

पुस्तकांतली इंग्रजी उंचाड्याला, मराठी मुख्याध्यापिकेच्या शाळेला, त्यातली वाळवी लागलेली तिने बघून टाकावीत.

रंगीत खडूंचा डबा शेजारच्या घरी. कोणी लहान नाही तिथे, पण त्यांनी मागितला.

सरांचा कोपरावर रफू केलेला स्वेटर मला. असं काकूंनी सांगितलं नव्हतं, मी मागितला. त्या "घे" म्हणाल्या, एवढंच.

तळ्यावर जायचे गमबूट, ज्याच्या पायाला येतील त्याला. अजून कोणाला आलेले नाहीत.

काकूंना काही नाही. शेवटी हे वेगळ्या ओळीत लिहून ठेव, असं त्यांनीच सांगितलं.

तुझी,
चिमटा